कांद्याच्या पापुद्र्यातला बुडबुडा

आमच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाई नववीच्या प्रयोगवह्या तपासत होत्या. मी, भूगोलाचा मास्तर, शेजारी बसून बघत होतो. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी प्रत्येक वहीत गाइडमधून उतरवलेल्या, विटांसारख्या आखीव. एकीनेच मधे जाड काळ्या काठाचा गोल काढला होता. त्यावर लाल फुली बसली.

“हवेचा बुडबुडा काढलाय बयेने! पुस्तकात आहे का?”

प्रतिसाद देतो तो सजीव, असं आम्ही पोरांकडून घोकून घेतो. म्हणजे अख्ख्या वर्गात ही एकटीच जिवंत. बाकी नुसती भिंत, आणि गवंडी आम्ही.

सकाळी वर्गाला दाखवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली तशीच होती. मी डोळा लावला. बुडबुडा ठळक दिसत होता.

“बाई, बघा तरी.”

“मी कशाला बघू? मला पाठ आहे.”