पाचव्या बासरीवरचा सूर्य

"लाकूड अजून ओलं आहे, आणि तुम्हीसुद्धा." घाई करणाऱ्या प्रत्येकाला अँसेल्म हेच ऐकवायचा.

आमचं नॉर्मंडीतलं गाव कातारी लोकांचं. घरोघर आडव्या बासऱ्या कातल्या जातात. पण सात वर्षं सावलीत वाळलेल्या लाकडालाच हात लावणारा तो एकटा. बासरी मनासारखी उतरली, की लोखंडी शिक्का तापवून तो तिच्यावर चिमुकला सूर्य उमटवी. तो सूर्य म्हणजेच त्याचं नाव.

त्या वर्षी पॅरिसच्या दलालाने पाच बासऱ्या मागितल्या. एका सरदाराच्या दिवाणखान्यात पाच जण मिळून वाजवणार होते, साथीला दुसरं वाद्य नाही. अशा वेळी एक सूर घसरला तर त्याला लपायला जागा नसते. म्हणून अँसेल्मने पाचही एकाच बुंध्यातून काढायच्या ठरवल्या. चार झाल्या, आणि बहीण वारल्याचा निरोप आला. तो तिच्या मातीला गेला. मागे दलाल लवकर येऊन ठेपला, तेव्हा जावई मातुरँने वाळल्यापेक्षा लवकर उरकणाऱ्या ओल्या लाकडाची पाचवी कातली आणि वर सासऱ्याचा शिक्का मारून दिली.

पानगळीत दलाल बासऱ्यांची पेटी घेऊन परतला. "मास्तर, अख्खा दिवाणखाना हसला हो!"

अँसेल्मने पाचवी उजेडाकडे धरली. वाळता वाळता आतलं भोक लंबगोल झालं होतं.

"जावईबापू, हा सूर्य कुणी उमटवला?"

"मामा, चार तुमच्याच होत्या की. एवढीशी गोष्ट..."

"एवढीशी? माझ्या नावाला माणसं हसली!"

"दुसरी द्या, मिटवून टाकू," दलाल म्हणाला.

"हसले ते, आणि मिटवणार तू? पेटी ठेव आणि चालता हो."

ती बासरी त्याने गुडघ्यावर मोडली. मग तीन आठवडे त्याच बुंध्याच्या वाळल्या लाकडावर तो राबला. मातुरँशी शब्द नाही. लेक पेरीन सूप आणून ठेवी, ते तसंच गार होई.

एका सकाळी पाच बासऱ्या लोकरीत गुंडाळून तो पायी पॅरिसला निघाला. पाचवी कोरी होती, शिक्का खिशात.

"मामा, गाडी जोडतो. चार दिवसांची वाट आहे."

"तुझी गाडी वेळेआधी पोचेल. तेवढंच जमतं तुला." मग तो शेजारच्या खिडकीतून बघणाऱ्या माझ्याकडे वळला. "जे हसले, त्यांच्यासमोर वाजवून घेईन. शिक्का तिथेच तापवेन."

तो चालू लागला. पेरीन उंबऱ्यात होती, मी माझ्या खिडकीत, आणि मातुरँ घोड्याचा लगाम हातात धरून तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.