झेरॉक्सवाल्या बाई

शांती नगरात आमच्या बिल्डिंगखाली झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या बाई मशीनमधून निघणारा प्रत्येक कागद वाचायच्या. आम्ही एमबीएच्या प्रवेश परीक्षेसाठी इंग्रजी शब्दांच्या याद्या घेऊन जायचो. नवा शब्द दिसला की त्या मशीन थांबवून काउंटरवरची जाडजूड डिक्शनरी उघडायच्या. गिऱ्हाइकं कटकट करायला लागली की मान वर न करता म्हणायच्या, "रुको जरा."

एकदा आमच्या क्लासचे सर नोट्सच्या शंभर प्रती काढायला आले. बाईंनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

"सर, एनर्व्हेट म्हणजे जोर देणं नाही, जोर काढून घेणं. तुमच्याकडे उलटं झालंय."

सर हसले. "बाई, तुम्ही मराठी मीडियमच्या ना?"

"हो. म्हणूनच प्रत्येक शब्द बघून घेते. चुकीचा कागद मी मुलांच्या हातात देणार नाही."

त्यांनी नोट्स परत केल्या. सर तणतणत दुसऱ्या दुकानात गेले. मी तिथेच उभा होतो, पण सरांसमोर माझ्या तोंडून अक्षर फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच नोट्स चुकीसकट वाटल्या गेल्या, तेव्हा मात्र मी हात वर केला.