इस्त्रीखालची पावती

या गृहस्थाला सगळे 'कडक' म्हणतात. स्वभावाने अगदी गरीब हो, पण त्याच्या कपड्यांवर, चादरीवर, अगदी रुमालावरही सुरकुती शोधून सापडायची नाही. परदेशी जाऊन केलं काय, तर तिथेही इस्त्रीच! लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, वाफेत, दहा तास उभं राहून परक्यांचे शर्ट सरळ करायचे आणि खोलीवर येऊन बायकोशी फोनवर बोलायचं. तीन वर्षं हाच संसार.

बायकोला तिकडे बोलवायचं तर व्हिसाच्या कचेरीत फाइल द्यायला हवी. लग्नाचा दाखला, खोलीचा करार, पगाराचे कागद, आणि वर लग्नाचे फोटो. "दाखला आहे की," कडक म्हणाला होता. तर कचेरीवाले म्हणे, दाखल्याने लग्न कळतं, नातं नाही कळत. घ्या! मेल्यांनो, तीन वर्षं रोज 'जेवलात का' विचारणारी बाई काय भाड्याने आणलीय?

सात महिने थांबून फाइल द्यायची तारीख मिळाली. ती हुकली की पुन्हा सात महिने. आणि त्या दिवशी सकाळी निघताना या शहाण्याने काय करावं? पिशवीत कागद दुमडले होते, म्हणून एकेक टेबलावर घेतला, वर सुती कापड टाकलं आणि फिरवली इस्त्री. दाखला सरळ झाला. करार सरळ झाला. मग तारखेची पावती, दुकानातल्या मशीनमधून सुर्रकन निघते तसली गुळगुळीत. असल्या कागदाला ऊब लागली की तो काळवंडतो; इस्त्री टेकली मात्र, पावती काळीठिक्कर! नंबर गेला, तारीख गेली, सगळं गेलं.

"अहो, कागदांना तरी सोडायचं होतंत!" फोनवर बायको रडवेली झाली.

"नंबर पाठ आहे मला. शेकडो गिऱ्हाइकांच्या शर्टांचे नंबर पाठ आहेत, हा एक जड आहे का?"

"तुमचं पाठांतर ऐकायला बसलेत ते तिथे!"

कचेरीत खिडकीवरच्या बाईंनी पावती दोन बोटांत धरली, मेलेलं झुरळ धरावं तशी. कडकने नंबर घडाघडा म्हटला. बाईंनी टाइप केला. पडद्यावर कडकचाच फोटो आला, कॉलर ताठ, मान ताठ.

"हा मीच," तो म्हणाला.

"दिसतंय."

"मग घ्या ना फाइल."

"पावतीवर नंबर हवा."

"अहो, तुमच्या पडद्यावर आहे नंबर!"

"पडद्यावर आहे. पावतीवर नाही."

ऐकलंत? तीन वर्षांत कडकने कुणापुढे आवाज चढवला नव्हता. मालक बोलला, खाली मान. खोलीवाला बोलला, खाली मान. पण आता मात्र त्याच्या कानशिलापर्यंत वाफ चढली.

"बाई, सात महिने वाट पाहिली. लग्नाचे फोटोसुद्धा आणले. माझं तोंड तुमच्यासमोर, माझंच तोंड तुमच्या पडद्यावर, मग मी कमी कुठे पडलो? ते सांगा, नाहीतर मी इथून हलत नाही."

मागची रांग पुढे सरकली. एक आजोबा काठी आपटून म्हणाले, "सांगा की! आम्हालाही ऐकायचंय."

बाईंनी खालचा खण ओढला आणि एक फॉर्म काढला. खराब झालेल्या पावतीसाठीचा! म्हणजे होता फॉर्म! हातभर अंतरावर! ओरडल्याशिवाय खणातून बाहेर येत नव्हता, एवढंच. कारणाच्या रकान्यात कडकने 'इस्त्री' लिहिलं. आता शिक्का, आणि तोही जुन्या पावतीवरच हवा. बाईंनी मारला. काळ्यावर निळा, दिसणार कपाळ! पुन्हा मारला. मग पावती दिव्याखाली धरून बसल्या.

"उलटी करा," कडक दात आवळून म्हणाला. "मागून पांढरीच आहे."

फाइल आत गेली. जाताजाता बाईंचा उपदेश, "पुढच्या वेळी कागद नीट सांभाळा." नीट! त्याला सांगतायत!

बाहेर पायरीवर बसून त्याने फोन लावला.

"घेतली?"

"घेतली. नवी पावती पण दिली. रागात मुठीत चुरगळली माझ्याकडून."

पलीकडून बायको ओरडलीच.

"हे बघा, इस्त्रीच्या जवळपास जाऊ नका. शपथ आहे माझी."

"नाही जात."

"चुरगळलेली ठेवाल? तुम्ही?"

"तू येईपर्यंत," कडक म्हणाला. आणि तेवढ्यात पावती मांडीवर पसरून तळहाताने दाबायला लागलासुद्धा.