छातीतली भरती

मला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा मांडवीचा समुद्र दोन मिनिटं जागच्या जागी थांबला होता. लाटा उचललेल्या तशाच, बगळे हवेत तसेच. चहाच्या टपरीवर मी हे इतक्यांदा सांगितलंय की आता टपरीवाला दुसऱ्या मिनिटाला स्वतःहून कप खाली ठेवतो. खरं म्हणजे झटका आला तेव्हा मी बाजारात दोडक्यांवरून भाजीवालीशी वाद घालत होतो आणि तिथून समुद्र दिसतसुद्धा नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात एक शब्दही वाढवायचा नाही असं मला एका बाईंनी बजावलंय.

मी एस.टी.त कंडक्टर होतो. पालीच्या उतारावर ब्रेक गेलेली गाडी मी नुसती घंटीची दोरी ओढून थांबवली, ही गोष्ट न ऐकलेला माणूस रत्नागिरीत भेटला तर तो कालच मुंबईहून उतरला असं समजावं. माझा शेजारी माझ्या बरोबर उलट. त्याने उभा जन्म मासेमारीच्या बोटीवर तांडेल म्हणून काढला, खलाशांवर हुकूम चालवला, वादळं बघितली, आणि ‘कसं होतं रे वादळ?’ विचारलं की म्हणायचा, ‘वारा होता.’ झालं! एवढ्या मालावर मी तीन पावसाळे गोष्टी सांगितल्या असत्या.

मला झटका आला आणि दोन महिन्यांत त्यालाही आला. आमची दोघांची डॉक्टर एकच, कोल्हापूरकडून इथे येऊन राहिलेली एक बाई. वयाने माझ्या सुनेएवढी, पण नजर तिकीट तपासनिसाची. घरी सोडलेल्या हृदयरोग्यांचं पुढे काय होतं, कोण सावरतं, कोण पुन्हा खाटेवर येतं आणि का, यावर त्या अभ्यास करत होत्या. आम्हाला प्रत्येकाला निळ्या पुठ्ठ्याची एक वही दिली. रोज भरायची. किती मिनिटं चाललो, गोळ्या घेतल्या का, दम लागला का, छातीत दुखलं का. शेवटच्या तीन प्रश्नांपुढे ‘हो’ आणि ‘नाही’, आणि एकावर बरोबरची खूण.

‘‘काका, खरं तेच लिहा,’’ बाई म्हणाल्या. बघत होत्या माझ्याकडेच.

तांडेलाला लिहिण्याचा कंटाळा, आणि मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसायचं नाही. म्हणाला, ‘‘तूच भर माझी. तुझा हात आयुष्यभर तिकिटं फाडून बसलाय, त्याला कायतरी काम हवं.’’ मग दर संध्याकाळी आम्ही आमच्या दोन घरांमधल्या गडग्यावर बसायचो. गडगा म्हणजे चिऱ्याची बुटकी कुंपणभिंत, दिवसभर तापलेली, बसायला ऊबदार. मी दोन्ही वह्या मांडीवर घ्यायचो.

माझी वही म्हणजे काय वर्णावं! पहिल्या आठवड्यात मी थिबा पॅलेसपर्यंत चाललो. दुसऱ्यात भाट्याच्या पुलापलीकडे. महिनाअखेर मी आरे-वारेला पायी जाऊन येत होतो, दम न लागता, एकदा तर वाटेत एका बाईची म्हैस शोधून देऊन. म्हैस मी समासात लिहिली. प्रत्यक्षात मी गडग्यापासून टपरीपर्यंत जायचो, ते अंतर म्हशीनेही मोजलं नसतं.

त्याची वही भरताना मात्र हात आखडता घेतला. दया म्हणून नव्हे. दोन शेजाऱ्यांत पुढे कोण हे डॉक्टरबाईंना दिसायला नको? म्हणून त्याला वीस मिनिटं. कधी पंधरा. रविवारी सुट्टी. तोही माझ्यासारखाच फिरायला म्हणून कुठे जात नव्हता, पण ती वीस मिनिटं कागदावर इतकी साधी दिसायची की माझा मलाच विश्वास बसायचा.

त्या वर्षीच्या चैत्रात, आंबे उतरवायची गडबड चालू असताना, एका संध्याकाळी मी नेहमीसारखं विचारलं, ‘‘छातीत दुखलं?’’

‘‘दुखत नाय.’’

मी ‘नाही’वर खूण केली. मग तो म्हणाला, ‘‘भरती येते.’’

‘‘काय येते?’’

‘‘भरती. घाटी चढून वर आलो ना, की छातीत भरती येते. दुखत नाय. नुसतं भरत जातं, गळ्यापर्यंत.’’

आमच्या वाडीतून बंदराकडे उतरणारी पायऱ्यांची वाट म्हणजे घाटी. रोज सकाळी जाळी बघायला तो ती उतरायचा आणि चढायचा. वहीत ती वीस मिनिटांत धरलेली नव्हती.

‘‘अरे मेल्या, तांडेल ना तू? भरती आली तर ओहोटीची वाट बघ!’’ मी म्हटलं आणि स्वतःच एवढ्याने हसलो की वरच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

तोही हसला. म्हणाला, ‘‘लागते ना ओहोटी. उभा राहिलो की लागते.’’

मी वही बघितली. भरतीला रकाना नव्हता. दोनच शब्द होते आणि त्यातल्या एकावर माझी खूण आधीच पडली होती. खोडलं असतं तर पान घाण दिसलं असतं. शिवाय खोडून लिहू काय? ‘हो’ म्हणजे दुखतं, आणि तो तर दुखत नाही म्हणतोय. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी हेही होतं की ‘हो’ लिहिलं तर बाई याला कोल्हापूरला तपासणीला पाठवतील, आणि मग गडग्यावर मी कुणाशी बोलू? मी वही मिटली.

पुढे त्याने दोनतीनदा आणखी तोच शब्द काढला. मी प्रत्येक वेळी समुद्राचा काहीतरी विनोद केला. मग त्याने काढणं सोडून दिलं.

वैशाखात आम्ही दोघं दाखवायला गेलो. बाईंनी त्याची वही पानापानाने बघितली. ‘‘छान आहे, काका. एकही तक्रार नाही. आहेत त्याच गोळ्या चालू ठेवू.’’ मग त्याच्याकडे बघून विचारलं, ‘‘छातीत दुखत नाही ना?’’

‘‘दुखत नाय,’’ तो म्हणाला. खोटं तो कधी बोललाच नाही. पण बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं, जसा चुकीच्या थांब्यावर उतरायला लागलेला उतारू कंडक्टरकडे बघतो. मी भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत बसलो. एका पालीच्या गाडीचं दहा गावांना सांगणारा मी, तिथे एक शब्द बोललो नाही.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघायच्या दिवशी तो सकाळी खाली गेला. वर येताना घाटीच्या तिसऱ्या वळणावर बसला, ओहोटीची वाट बघत असेल, आणि तिथेच गेला. ऊन होतं. समुद्र चालू होता.

बाराव्याच्या दिवशी वहिनी, म्हणजे त्याची बायको, मला दारात म्हणाल्या, ‘‘भावोजी, मला ते काय बोलायचेच नाहीत. तुम्हाला तरी काय बोलले होते का हो? त्रास होतो असं?’’

‘‘एका शब्दाने नाही,’’ मी म्हटलं.

त्यानंतर त्याच्या मरणाची गोष्टही मी टपरीवर सांगितली. माझ्या गोष्टीत बंदरातल्या सगळ्या बोटींनी एकदम भोंगे वाजवले होते.

मग या वर्षी बाईंचा लेख छापून आला, इंग्रजी मासिकात. ज्यांनी वह्या भरल्या त्या प्रत्येकाला त्यांनी तो फोनवर पाठवला आणि आभार मानले. आमची सून शाळेत शिकवते, तिने स्वयंपाकघरात उभ्याने मराठी करून वाचला. त्यात एके ठिकाणी होतं की विश्वास ठेवण्यासारख्या नसलेल्या काही वह्या बाजूला काढल्या. सून माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. पुढे लिहिलं होतं की काही रुग्ण मात्र कसलीही तक्रार न नोंदवता, छातीत दुखल्याची एकही खूण नसताना, अचानक गेले. अशांना आधी ओळखावं कसं याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

‘‘बाबा, काय झालं?’’ सून म्हणाली. ‘‘पाणी देऊ?’’

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेलो. आधी माझी वही खोटी असल्याचं कबूल केलं, जरा वातावरण हलकं होईल म्हणून.

‘‘ती मी वैशाखातच बाजूला ठेवली होती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्या हिशोबाने तुम्ही पावसाळा लागायच्या आत गोव्याला चालत जाऊन परत आला होतात.’’

‘‘आणि म्हैस?’’

‘‘म्हैस मी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवली.’’

मग मी दुसऱ्या, तांडेलाच्या वहीचं सांगितलं. त्या हसायच्या थांबल्या. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘‘ती मी खरी मानली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सगळ्या वह्यांमध्ये मला सर्वात प्रामाणिक वाटलेली वही होती ती.’’

आयुष्यभर मी पोत्याने खोटं बोललो आणि कुणाचं काही बिघडलं नाही. एकदाच चिमटीने बोललो.

त्यांनी पेन उघडलं. ‘‘ते काय म्हणाले होते, त्यांच्याच शब्दांत सांगा. एक शब्दही वाढवू नका.’’

मी सांगितलं. घाटी, भरती, गळ्यापर्यंत, उभं राहिलं की ओहोटी. त्या लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता त्यांचा हात हळू झाला. ‘‘हृदयाचं दुखणं असंच असतं काका, बऱ्याच जणांचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दुखतच नाही. मी शब्द चुकीचा विचारला.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘शेवटी शेवटी बसल्याजागी पण यायची का? किती वेळ राहायची?’’

जिभेवर उत्तर आलं होतं. चांगलं होतं, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला असता. मी ते गिळलं.

‘‘मी विचारलं नाही,’’ मी म्हटलं. त्यांनी तेही लिहिलं.

उठताना त्या म्हणाल्या, ‘‘मासिकाला मी दुरुस्ती कळवीन. पण ती त्यांच्या घरच्यांना वाचता येणार नाही. तिथे तुम्ही जा.’’

मी तिथून सरळ गेलो. वहिनी पडवीत सुकट निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘‘या भावोजी. आज कुठली गाडी थांबवलीत?’’

मी उभ्याउभ्याच सांगितलं. सूप त्यांच्या हातात तसंच राहिलं.

‘‘भरती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘असं बोलले?’’

‘‘हो.’’

‘‘मग तुम्ही काय बोललात?’’

‘‘ओहोटीची वाट बघ म्हटलं.’’

त्या खाली बघून पुन्हा निवडायला लागल्या. सुकटीतला एकेक खडा काढून बाजूला टाकत होत्या. मी बराच वेळ उभा होतो. तीस वर्षं त्या घरात जातोय, पण ‘बसा’ म्हटलं नाही असं पहिल्यांदाच झालं. मग मी गडग्याला वळसा घालून घरी आलो.