माझा दुखवटा

तुर्भ्याच्या कारखान्यातल्या अपघातात तो गेला. तेराव्याला पाहुण्यांनी त्याच्या भावाला टॉवेल-टोपी दिली, गोडाचा घास भरवला आणि दुखवटा काढला. नेरूळच्या एका खोलीत सहा वर्षं त्याच्याशी संसार मी केला होता. पण लोकांच्या लेखी मी रूम पार्टनर. मला मागे, कंपनीतल्या लोकांत बसवलं आणि चहा दिला. त्या चहाचा राग अजून जात नाही.

त्यानंतर मी गोड खाणंच सोडलं. दोन वर्षांनी दुसरा एकजण आयुष्यात आला. खाडीकाठच्या गावातला, आई मासळी विकायची. मी गोड का खात नाही, हे एकदा त्याला सांगितलं. पुढच्याच रविवारी दुपारी तो टॉवेल, टोपी आणि आईकडून करून घेतलेल्या पुरणपोळ्या घेऊन दारात उभा. आईला म्हणे सांगितलं होतं, "मित्राच्या घरी दुखवटा हाय."

त्याने माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, घास भरवला. मी ढसाढसा रडलो. वाटलं, सुटलो एकदाचा.

मग तोच हळूच म्हणाला, "उद्या मी गेलो, तर आमच्याकडं तू कुटं बसशील?"

"मागे," मी म्हणालो. "चहा देतात तिथं."