आप्पांची दोन लाल ढेकळं

मी माझ्या बापाला भर वर्गात खोटं पाडलंय.

आज आप्पांची पुण्यतिथी. फॅमिली ग्रुपवर सकाळपासून नातवंडं 'ग्रेट सोल', 'मिस यू आजोबा' टाकतायत. यातल्या एकानेही त्यांना पाहिलेलं नाही.
मी पाहिलंय. म्हणून हे लिहिते.

आप्पा टोकावड्याजवळच्या आमच्या डोंगरात दगड फोडायचे. जाती, पाटे-वरवंटे घडवून मुरबाडच्या बाजारात विकायचे. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

डोंगरात काळ्या दगडाची एक उभी भिंत होती, कोणी न बांधलेली. तिच्यापासून लांबची लाल माती बोटाने चुरायची. भिंतीला खेटून असलेली तीच माती मात्र घणालाही दाद देत नसे.

आप्पा सांगायचे, "माती आदीची, काला दगड मागून घुसला गो. रसरसता. ही माती वितळली नाय, जागच्या जागी भाजली. आव्यात मडकं भाजतं ना, तशी."

एकोणसाठ-साठ साल असेल. मी सातवीत. गुरुजींनी रूपांतरित खडक शिकवले. उष्णतेने, दाबाने न वितळता बदललेले, संगमरवर वगैरे. म्हणाले, आपल्याकडे असले खडक औषधालाही मिळायचे नाहीत.

मी हात वर केला. "आमचे आप्पा म्हणतात, आहेत."

"मग आण त्यांना."

आप्पा दुसऱ्याच दिवशी काम टाकून आले. फडक्यातून दोन लाल ढेकळं काढून टेबलावर ठेवली. हजेरीपटावर लाल भुकटी सांडली. वर्ग खिदळला.

"येकच माती हाय, गुरजी. ही कच्ची, ही भाजलेली."

"कुठल्या पुस्तकात आहे हे?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "पोरीला इचारा. तिला जाग्यावर नेऊन दावलंय मी."

गुरुजी माझ्याकडे वळले. "पाहिलंस तू?"

शहापूरच्या बोर्डिंगसाठी वर्गातून एकच नाव जाणार होतं, आणि ते गुरुजी पाठवणार होते.
पण खरं सांगू? तेवढंच नव्हतं. मला आप्पांच्या बोलण्याची लाज वाटली.

"नाही, गुरुजी."

आप्पांनी ढेकळं फडक्यात बांधली. हाताने टेबल पुसलं. "माजी चुकी झाली," म्हणाले आणि गेले.
संध्याकाळी घरी मला नेहमीसारखी जेवायला हाक मारली. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोर्डिंगला माझंच नाव गेलं. पुढे मास्तरीण झाले. लोक कौतुकाने म्हणतात, दगड फोडणाऱ्याची पोर बघा कुठे पोचली! ऐकवत नाही मला.

ट्रेनिंग कॉलेजात असताना आमची ट्रिप निघाली, ती नेमकी आमच्याच डोंगरात. सरांनी त्या भिंतीवर हात ठेवला आणि शब्द न् शब्द आप्पांचंच सांगितलं. शेजारची माती न वितळता भाजली, बदलली, हाही रूपांतरित खडकच.
सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मीही.

तशीच घरी गेले. आप्पा जात्याला टाकी लावत होते.

"आप्पा, तुमी बरोबर होतात. आज आमच्या सरांनी सांगितलं."

त्यांचा हात थांबला नाही.

"मला म्हाईत व्हतं," म्हणाले. "तुलाबी म्हाईत व्हतं."



आप्पा, श्रद्धांजली वाहायला तोंड नाही मला.
नमस्कार तेवढा घ्या.