पाठमोरा एवेलिओ

एवेलिओ आमच्या आळीतल्या माणसांना तोंडावरून नाही, डिस्कवरून ओळखतो. दारात कुणी उभं राहिलं की त्याची नजर थेट हाताकडे जाते. निळी डिस्क म्हणजे बेकरीवाला, रबर गुंडाळलेली म्हणजे मी आणि फुलाफुलांच्या पिशवीतली म्हणजे नेरेइदा. मागे मी नवी डिस्क घेऊन गेले तर मला म्हणाला, "आपण कोण?" त्याच्या आणि माझ्या घरात भिंत एकच आहे.

आमच्या मातान्सास शहरात इंटरनेट नसल्यातच जमा, म्हणून दर आठवड्याला राजधानी हवानाहून बसने एक डिस्क येते. मालिका, सिनेमे, गाणी, सगळं तिच्यात. ते एवेलिओच्या कॉम्प्युटरवर उतरतं आणि तिथून आळीभर वाटलं जातं. कॉम्प्युटर साखर कारखान्याच्या कचेरीतून मोडीत निघालेला. आमच्या डिस्का नव्या, त्या जोडायची त्याची भोकं जुनी, त्यामुळे एक मालिका भरायला अर्धी दुपार जायची. त्यात आणखी एक खोड म्हणजे माउस हलवत राहिलं नाही तर तो झोपायचा, आणि झोपला की तोवर भरलेलं सगळं पाण्यात. म्हणून एवेलिओ अख्खी दुपार भिंतीकडे तोंड करून माउस हलवत बसायचा आणि आम्ही त्याच्या पाठीमागे झुलत्या खुर्च्यांवर. त्याच्या बनियनला डाव्या खांद्यावर भोक होतं. ते कसकसं वाढत गेलं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

नेरेइदा त्या पाठीशी बोलायची. ती शिवणकाम करते, एकटी राहते. गुरुवारी कुणाचा तरी झगा टाचायला घेऊन यायची आणि गिऱ्हाइकांच्या वाढत्या कमरांपासून स्वतःच्या दाढदुखीपर्यंत सगळं सांगायची. पाठ "हं" म्हणायची. आता हा एवेलिओ तिच्यावर पुरता भाळलेला होता. मला हे भिंतीमुळे माहीत. रोज सकाळी दाढी करताना तो मोठ्यानं म्हणायचा, "नेरेइदा, मला तुम्हाला एक विचारायचंय." कधी दरडावून, कधी चाल लावून. एकदा तर त्यानं तिच्या वतीनं नकारही दिला आणि दिवसभर जेवला नाही. गुरुवार आला की पुन्हा "हं".

मग परदेशात, टँपाला असलेल्या त्याच्या चुलतभावानं विचारलं, काय पाठवू? एवेलिओनं मागवली एक वेगवान डिस्क आणि जुन्या कॉम्प्युटरला नवी, वेगवान भोकं देणारं कार्ड.

"तुझ्या बुटांना तळ उरला नाही," मी म्हटलं, "आणि तू डिस्क मागवतोस?"

"तुला नाही कळायचं, ओदालिस."

कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यात बसेना. त्यानं डब्याचा पत्रा कापला. मग झाकण लागेना, तर झाकण काढून कोंबडीला सावली केली. कार्डाला वीज कुठून द्यायची म्हणून सीडीच्या खणाची तार उपटली. मग सगळंच तापायला लागलं, तेव्हा रशियन वॉशिंग मशीनच्या मोटरवर चालणारा पंखा त्याच्यासमोर उभा केला. तो सुरू झाला की पडदे आडवे व्हायचे आणि शेजारच्याचा आवाज शेजारच्याला ऐकू यायचा नाही. डिस्क मात्र साबणाच्या वडीएवढी, गुणी. कॉफीला उकळी यायच्या आत मालिका भरून तयार.

पहिल्या गुरुवारी नेरेइदा आली, बसली, झगा उलगडला, सुईत दोरा ओवला.

"झालं!" एवेलिओ ओरडला. पंख्यामुळे ओरडावंच लागायचं.

नेरेइदानं झग्याची घडी घातली, डिस्क घेतली आणि निघून गेली. एवेलिओनं खुर्ची फिरवली तेव्हा समोर फक्त मी. त्याचा चेहरा असा पडला की मला अपमान वाटला.

पुढच्या गुरुवारी ती बसलीच नाही. त्यानंतर तिनं पिशवी बेकरीवाल्याच्या हाती धाडली. भिंतीपलीकडची दाढी मुकाट्यानं व्हायला लागली. मला भयंकर राग आला. त्याचा तर आलाच, पण माझी गुरुवारची दुपार बुडाली त्याचाही आला. मी बेकरीवाल्याला तंबी दिली, "ती पिशवी पुन्हा तुझ्या हातात दिसली तर तुझ्या पावाचं वजन मी साऱ्या आळीला सांगीन."

त्यामुळे तिला स्वतःच यावं लागलं. आली ती ओठ मिटून, दाराशीच उभी. एवेलिओनं पाठमोऱ्यानंच हात मागे करून डिस्क घेतली. पंखा गरगरत होता. नेरेइदाचे ओठ हलत होते, ती आपल्याशीच काहीतरी पुटपुटत होती. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला आणि तिचं वाक्य खोलीत लख्ख ऐकू आलं, "...मला घालवायला थेट टँपाहून यंत्र मागवतो मेला!"

मी खुर्ची झुलवायची थांबवली.

"घालवायला?" पाठ म्हणाली.

"नाहीतर काय? दोन वर्षं बसले मी इथे. सरळ सांगायचं होतं, नेरेइदा, तुमचा कंटाळा येतो. मी आले नसते."

"यंत्राचं काम लवकर संपावं म्हणून मागवलं."

"तेच म्हणतेय मी."

"म्हणजे मला खुर्ची फिरवता आली असती." तो अजूनही भिंतीशीच बोलत होता, हात माउसवर तसाच. "हे मला जागचं हलू देत नाही. तुम्ही बोलता, आणि मी दोन वर्षं भिंतीचा हा पोपडा बघतोय."

रस्त्यावर कुणीतरी विजेच्या नावानं शंख करत होतं. नेरेइदानं दाराची चौकट घट्ट धरली होती.

"आता कुठे चालू आहे तुमचं यंत्र?" ती म्हणाली.

खुर्ची करकरत फिरली. भर दुपार होती, दारातून भरपूर ऊन येत होतं. तो तिच्याकडे बघत राहिला, इतका वेळ की तिथून उठून जावं असं मला वाटलं. मी उठले मात्र नाही.

"तुम्हाला चष्मा लागला?" एवेलिओनं विचारलं.

"मागच्या वर्षी," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.